तारेवरचा सदरा

गॅरेजांच्या उद्यमनगरात सगळी माणसं काळी आणि एकच पांढरा, हे दृश्य मी पंधरा वर्षं फुकटात पाहिलं. काळी म्हणजे धंद्याने काळी. कुणाच्या हाताला ग्रीस, कुणाच्या कपाळाला काजळी, आणि काहींच्या पँटचा मूळ रंग त्यांच्या बायकांनाही आठवत नसे. या सगळ्यांच्या मधून सकाळी नऊ वाजता पंपमास्तर स्कूटरवरून यायचे. पांढरा सदरा, पांढरी विजार, खिशात घडीचा पांढरा रुमाल. डिझेलचा पंप उघडायला नव्हे, पोरगी बघायला निघाल्यासारखे. बरं, सकाळी कुणीही पांढरा येईल. मास्तर संध्याकाळी सहाला परत जायचे तेव्हाही तस्सेच पांढरे! आम्ही ड्रायव्हर मंडळी चहाच्या गाड्यावर उभे राहून त्यांच्या सदऱ्यावर डाग शोधायचो. ज्याला सापडेल त्याला चहा, अशी पैज होती. ती पैज कुणीच जिंकली नाही. पुढे एकदा डाग पडला, पण तेव्हा चहा मागायला तोंड दाखवण्याच्या लायकीचा मी उरलो नव्हतो. ते सांगतोच.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. डिझेल गाडीच्या इंजिनाला तेल मोजून पाजणारा जो पंप असतो, तो उघडायचा, साफ करायचा आणि पुन्हा मापात बसवायचा, हे त्यांचं काम. खोली दहा बाय बाराची. दारात पायपुसणं, चपला बाहेर. आडदांड ट्रकवालेसुद्धा दारात एका पायावर उभे राहून बूट ओढायचे.

"मास्तर, गॅरेजात आलोय का देवळात?" असं एकाने विचारलं.

"पंप म्हंजे गाडीचं काळीज हाय. तुझं काळीज उघडायला डॉक्टर चिखलाच्या बुटानं आला तर चालंल व्हय तुला?"

त्या पांढऱ्या कपड्यांबद्दल मी एकदाच विचारलं. मास्तर उचगावचे. पंपावरची नजर न काढता म्हणाले, "आमच्या बापानं छप्पन्न साली दीक्षा घेतली, त्या दिवशी पांढरी कापडं घातली. त्याच्या आधी गावानं आमाला मळकी कामं दिली, आणि मळकं म्हणून लांब बसवलं. बाप म्हणाला, काम कसलंबी करीन, पण कापड पांढरं ऱ्हाईल. मी तेवढंच पुढं चालवतोय." एवढं बोलून त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी चप्पल काढायला विसरलो होतो. मी बाहेर गेलो.

आता त्या तारेबद्दल. खोलीबाहेरच्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल अशी एक लांब तार होती. गाडी आली की मास्तर तिच्या सायलेन्सरच्या तोंडाला पांढरा रुमाल बांधायचे आणि ड्रायव्हरला सांगायचे, "तीनदा दाब." तीनदा रेस झाली की रुमाल सोडून तारेवर अडकवायचे, वर गाडीवाल्याच्या नावाची चिठ्ठी. रुमाल पांढरा असला तर माणूस ताठ मानेने चहाला जायचा. काळा असला तर मागच्या बोळातून. पीयूसीच्या कागदाला कुणी घाबरत नसे, कारण तो कागद मिळवायची युक्ती सगळ्यांना ठाऊक होती. मास्तरांच्या तारेला मात्र भलेभले टरकायचे. कागद खिशात राहतो. रुमाल चव्हाट्यावर.

ती युक्तीही सांगून टाकतो, आता काय लपवायचं! पंपाला एक स्क्रू असतो. तो थोडा पिळला की इंजिनाला डिझेल जास्त जातं, गाडीला पिकप येतो आणि न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन मागच्यांच्या नाकात जातं. तपासणीच्या आदल्या दिवशी स्क्रू खाली घ्यायचा, कागद घ्यायचा, बाहेर पडल्यावर पुन्हा वर. म्हणून मास्तर माप बसवून झालं की त्या स्क्रूला तार ओवून शिशाचं सील लावायचे आणि स्वतःच्या पकडीने दाबायचे. "हे सील म्हंजे माझी जबान. ह्ये तोडलं की आपली ओळख न्हाय."

ब्याण्णव-त्र्याण्णवला मी पन्हाळ्याच्या लाइनीवर वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन भरायची, जीप मारत होतो. वडापचा धर्म एकच. जो आधी पोचतो तो पुढची माणसं भरतो. माझ्या जीपला मास्तरांचं सील होतं, रुमाल पांढरा होता, आणि घाटात मला सगळे मागे टाकत होते. एका रविवारी मी पक्कड घेतली, सील तोडलं आणि स्क्रू चांगले दोन आटे पिळला. चौदा माणसं कोंबली. काय सांगू महाराजा, घाटात जीप अशी उडाली की मला वाटलं पन्हाळा मीच जिंकून घेणार! आरशात मागे काळा ढग दिसत होता. ढगाच्या मागे कोण आहे हे बघायची मला गरज वाटली नाही.

ढगात मास्तर होते. बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, घेऊन स्कूटरवरून गडावर फिरायला निघालेले. वळणांवर पुढे काढता येईना, मागे पडलं तरी धूर रेंगाळलेला. नाक्यावर मी ऐटीत उतरलो आणि मागून स्कूटर येऊन थांबली. पांढऱ्या सदऱ्याचं चुलीवरचं फडकं झालेलं. काकी कडाडल्या, "बघा की! माणसाचा कोळसा केलाय मेल्यानं!" मास्तरांनी माझं बॉनेट उघडलं, तुटलेली सीलची तार बोटाने हलवून पाहिली, बॉनेट हळूच लावलं आणि हात जोडून मला विचारलं,

"पावणं, कुठलं गाव म्हणायचं तुमचं?"

रोज 'बाळू' म्हणणारा माणूस पावणं म्हणाला. थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तारेवर रुमालांच्या रांगेत मध्यभागी अख्खा सदरा लटकत होता. चिठ्ठी होती, 'बाळू, पन्हाळा वडाप.' अख्खं उद्यमनगर बघायला आलं. स्टँडवर माझं नावच सदरा पडलं. "ए सदरा, नंबर लाव की!" मी मास्तरांच्या पाया पडायला गेलो.

"मास्तर, द्या, धुऊन आणतो. न्हायतर नवा शिवून देतो."

"धुतला की तू सुटलास. ऱ्हाऊ दे पावणं, हाय तसा."

दीड महिना मी पावणा होतो. मग एकदा जीप घेऊन गेलो आणि म्हणालो, सील लावा, पुन्हा हात लावणार नाही. "पण मास्तर, पिकप न्हाय तर घाट चढंल कशी?"

"चौदाचं धा कर, चढंल. मापात माणसं भरायची न्हाईत आणि नाव घाटाचं!" असं म्हणत त्यांनी पक्कड दाबली. "जा बाळू. आणि ती चिठ्ठी निघणार न्हाय बरं का."

मास्तर धुराच्या नावाने नुसती बोटं मोडणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्याजवळ सोपं उत्तर नसायचं, आणि ते नाही असं सांगायला त्यांना लाजही वाटत नसे. एकदा मी खूश होऊन म्हटलं, "आता रुमाल पांढरा, म्हणजे हवा शुद्ध!" तर माझ्यावरच उखडले. "खुळा का काय तू? धूर कमी करायचा तर आग कडक लागती. आग कडक झाली की दुसरा वायू वाढतो, डोळ्याला न दिसणारा, घसा जाळणारा. एक दाबलं की दुसरं वर येतंय. माझ्या स्क्रूनं दोन्ही एकदम दबत न्हाईत. त्याला इंजिनच नवं पायजे, आणि डिझेलबी धुतलेलं पायजे." हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा नवं इंजिन म्हणजे स्वतःच्या खोलीला कुलूप, हे त्यांना माहीत होतं. मला नव्हतं.

तोवर काहीतरी दुसरं तेल सापडतंय का, याचा त्यांनी ध्यास घेतला. एका वडेवाल्याचं वापरून टाकलेलं तेल आणायचं, गाळायचं, त्यात काय काय औषधं घालून काकींच्या दुधाच्या किटलीत निवत ठेवायचं. काकींनी त्या दिवसापासून किटलीला हात लावला नाही. आणि प्रयोगाला गाडी कुणाची? सदऱ्याची! अहो, जीप चालली. धूर जवळजवळ नाहीच. पण मागे वास सुटायचा तो ताज्या वड्याचा. भर घाटात माझे प्रवासी भुकेने व्याकूळ. एक म्हातारा गडावर उतरल्या उतरल्या म्हणाला, "पावणं, वडं कुठं तळाय लागल्यात? वाघबिळाच्या फाट्यापास्नं वास येतोय." स्टँडवर मला विचारायचे, ए सदरा, तर्री बी ओतायची काय टाकीत?

पुढे पौषातल्या एका सकाळी गडावर धुकं पडलं आणि टाकीतलं तेल थिजलं. फिल्टर गच्च. तहसील कचेरीत जाणारे दहा जण चालत गेले, आणि जाताना त्यांनी माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. मास्तर आले, फिल्टर उघडून पाहिला आणि म्हणाले, "थंडीत हरलो. लिहून ठेव." त्यांच्या खोलीत खडूने लिहिलेली हरण्याची यादीच होती. नंतर त्यांनी हिशेबही केला. "सगळ्या जिल्ह्यानं तिन्ही त्रिकाळ वडं खाल्लं, तरी जिल्ह्याच्या गाड्या ह्या तेलावर चालायच्या न्हाईत. थोड्यांची सोय हुईल. सगळ्यांची न्हाय."

मग नव्या शतकात नव्या नियमांची हवा आली. नव्या गाड्यांना धुराची कडक मापं, कमी गंधकाचं डिझेल, पंपाच्या जागी कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रणा, आणि जुन्या गाड्यांच्या परमिटांना कात्री लागणार, अशी कुजबुज. वाहनवाल्यांनी बैठक बोलावली. नियम रद्द करा, असं निवेदन तयार होतं. पहिली सही पंपमास्तरांची घ्यायची ठरलं, कारण सगळ्यांत आधी बुडणार होते ते. ज्या नव्या गाडीला स्क्रूच नाही, तिला मास्तर सील कशाला लावणार?

मास्तर मंचावर चढले. पांढरेशुभ्र. निवेदन वाचलं, घडी केली आणि टेबलावर ठेवलं.

"न्हाय करणार सही."

मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, तुमची खोली बंद पडंल की!"

"पडू दे! माझी खोली चालावी म्हणून पोरांनी धूर खायचा व्हय? ह्यो धंदा मी तीस वर्षं केलाय. धूर किती आणि कुणाच्या छातीत जातो, माझ्याइतकं हितं कुणाला म्हाईत हाय?"

"मग जुन्या गाडीवाल्यानं जीव द्यायचा?"

"न्हाय! त्यालाबी बोलतो. नवी गाडी घ्यायला मुदत द्या, कर्जाला मदत द्या, गॅरेजच्या माणसाला नवं काम शिकवा, असं लिवा. त्याच्यावर पयली सही माझी. पण नियमच नको असं लिवलं, तर ह्यो हात उठणार न्हाय. नियम माझ्या पोटावर येतोय म्हणून चुकीचा हुतोय काय?"

गोंधळ झाला. कुणी म्हणालं, फितूर. कुणी खुर्ची आपटली. मास्तर सगळा दंगा संपेपर्यंत मंचावर उभे राहिले आणि मग सावकाश, मधल्या रांगेतून, सगळ्यांच्या डोळ्यांत बघत बाहेर गेले. त्यांच्यामागून उठून जाणारा मी एकटाच होतो. मी शूर होतो म्हणून नव्हे. तारेवर माझ्या नावाचा सदरा होता, म्हणून.

निवेदन त्यांच्या सहीविना गेलं. अर्ध्या गाड्यांनी त्यांची खोली सोडली, उरलेल्यांना हळूहळू नव्या गाड्यांनी सोडवलं. काकी म्हणायच्या, "सही केली असती तर काय हात झडला असता?" मास्तर म्हणायचे, "झडला नसता. काळा झाला असता." पाच-सहा वर्षांनी त्यांनी खोलीला कुलूप लावलं. तार काढली, ज्याचा त्याला रुमाल दिला. सदरा मात्र दिला नाही. घडी घालून उचगावला घेऊन गेले.

पुढच्या वर्षी मी नवी जीप घेतली आणि हारासकट आधी उचगावला नेली. मास्तर अंगणात बसले होते, थकलेले, पण इस्त्रीचे. मला बघून आत गेले आणि रुमाल घेऊन आले. सायलेन्सरला बांधला.

"तीनदा दाब, बाळू."

मी दाबलं. त्यांनी रुमाल सोडला, उन्हाला धरला. पांढरा! मी टाळी वाजवायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्यांनी तो नाकाला लावला.

"वास हाय अजून," ते म्हणाले. आणि डोळे असे चमकले, की मला किटलीतल्या तेलाचे ते दिवस आठवले. "डिझेलच हाय शेवटी. न दिसणारं किती जातंय, ते कुणी मोजलंय? पुढचा नियम येऊ दे. ह्याच्यापेक्षा कडक."

मग आत जाऊन त्यांनी तो सदरा आणून माझ्या हातात दिला. चिठ्ठी तशीच होती. "घे. धुऊ नको."

दोन वर्षांनी मास्तर गेले. पांढऱ्या कपड्यांतच गेले, आणि त्या दिवशी उचगावात उद्यमनगरातले किती काळे हात जोडलेले होते, ते मी मोजलं नाही. त्यांत फितूर म्हणणारेही होते.

आता माझ्या चार गाड्या आहेत. ऑफिसात माझ्या खुर्चीमागे तो सदरा खिळ्याला टांगलेला आहे. परवा नवीन ठेवलेला ड्रायव्हर नाक मुरडून म्हणाला, "मालक, एवढं चकाचक ऑफिस आणि ह्यो मळका सदरा कुणाचा ओ? धुवाय टाकू काय?"

मी म्हटलं, "हात लावू नको. सदरा मास्तरांचा हाय. धूर माझा."