हंडी खडकाच्या अलीकडे

सांगदल घरातून उठून अंगणात गेला तरी सांगून जायचा. "अगं, मी मागच्या दारी आहे." "अगं, मी छपरावर मिरच्या पसरतोय." संडासातूनसुद्धा हाक यायची, "मी इथेच आहे गं!"

धक्क्यावर जाळ्यांतून खेकडे सोडवायला बसल्या की बायका गप्सुनची थट्टा करायच्या. "तुझा नवरा कुठे आहे ते आता आम्हालाही पाठ झालंय बाई." त्यांच्यात बसून गप्सुनही हसायची. घरी आल्यावर मात्र चिडायची. "अहो, पळून जाणार तरी कुठे? बेट ते केवढंसं!" सांगदल खाली बघून जाळं शिवत राहायचा आणि पाणी आणायला उठला की पुन्हा सांगायचा, "विहिरीवर जातोय गं."

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. खेकड्यांच्या हंगामात अचानक धुकं उतरलं आणि उत्तरेकडच्या शत्रूदेशाच्या गस्ती बोटीने सांगदलची बोट ओढून नेली. पानगळीच्या सुमारास तो परत आला तेव्हा वाळून काटकी झाला होता. बंदरावर गप्सुनने मुळ्याचं गरम सूप आणलं होतं. ते त्याच्या हातात पडण्याआधीच आपल्याच देशाच्या पोलिसांनी त्याला गाडीत घातलं.

समुद्रातली दोन देशांमधली रेषा तू आपणहून ओलांडलीस का, एवढंच त्यांना हवं होतं. तो सांगत राहिला, "नाही साहेब. मी हंडी खडकाच्या अलीकडे होतो. धुकं उतरायच्या आधी खडक उत्तरेला दिसला होता."

"आणि धुक्यात?"

"धुक्यात माहीत नाही."

'माहीत नाही' म्हटलं की मारायचे. समोर नकाशा पसरलेला, हातात पेन्सिल दिलेली. कधीतरी एकदा त्याने ती पेन्सिल रेषेच्या पलीकडे टेकवली. तेवढ्या ठिपक्यावर तो तुरुंगात गेला. सुटून आला तो पुन्हा कधी बोटीत चढला नाही. पुढे बेटावरच्या अशाच अडकलेल्या इतरांनी वकील करून आपल्या नावावरचा डाग धुऊन घेतला, पण सांगदल तयार होईना. "पुन्हा नकाशा समोर ठेवतील," एवढंच म्हणायचा.

या हिवाळ्यात तो गेला. शेवटी शेवटी आवाज फुटत नव्हता, तरी गप्सुनला जवळ बोलावून म्हणाला, "मला हंडी खडकाच्या अलीकडे सोड. आपल्या बाजूला. नीट बघून सोड."

त्याची राख पांढऱ्या चिनीमातीच्या बरणीत होती. वसंतात हंगाम सुरू झाला तसं पुतण्या गिलजुनने नौदलाच्या चौकीवर काकूचं नाव कळवून एका फेरीची परवानगी काढली.

निघायच्या आदल्या दिवशी राजधानीहून उपग्रह खात्यातले नाम नावाचे एक तरुण साहेब आले. मासेमारी संस्थेच्या दालनात सगळ्यांना जमवून ते म्हणाले, "तुमच्या बोटीतला पडदा बोट कुठे आहे ते दाखवतो, ते दुसऱ्या देशाच्या उपग्रहांवरून. ते फार लांब आहेत, त्यांचा आवाज इथवर येईतो क्षीण होतो. पलीकडून कुणी गोंगाट केला की तो बुडतो. आपले स्वतःचे उपग्रह असावेत का, हे तुमच्याकडून ऐकायला आलोय."

"साहेब, आधी धक्का दुरुस्त करा," संस्थेचे अध्यक्ष मेंग म्हणाले. "पोराला घर नाही आणि बाप चंद्रावर बंगला बांधतोय! पलीकडचे तुमचाही आवाज दाबतीलच की."

"दाबायला बघतील. पण आपले डोक्यावर राहतील, आवाजही मोठा असेल. त्यांना जड जाईल."

"मेंगकाका, तुम्ही आता समुद्रात जात नाही म्हणून बोलता," गिलजुन उसळला. "परवा माझी बोट पडद्यावर डोंगरात फिरत होती. टाकलेली जाळी सापडेनात. दुसऱ्याच्या कंदिलाच्या उजेडात किती दिवस जेवायचं?"

"डोंगरात खेकडे मिळाले का रे?" मागून कुणीतरी विचारलं आणि दालन हसलं.

नामसाहेबांनी हात वर करायला सांगितले. काही हात वर गेले, काही मांडीवर राहिले. गप्सुनचे हात ओटीत होते. तिला उद्याच्या वाटेची काळजी होती.

दुसऱ्या दिवशी निघताना ऊन होतं. बरणी, मक्गोल्ली म्हणजे तांदळाच्या दारूची बाटली आणि एक सुका मासा घेऊन गप्सुन सुकाणूशेजारी बसली. पडद्यावर त्यांची बोट म्हणजे एक लहानसा बाण होता. वर लाल रेषा, तिच्या खाली हंडी खडकाची खूण.

"काकू, बघ, असं सरळ जायचं. खडक समोर दिसला की थांबू."

पण अर्ध्या वाटेवर पश्चिमेकडून पिवळी धूळ आली. दरवर्षी येते तशीच, वाळवंटाकडून. डोंगर गेले, मग बेट गेलं, आभाळ आणि पाणी एकाच मळक्या रंगाचं झालं. आणि पडद्यावरचा बाण थरथरू लागला. आधी बेटावर चढला, मग उडी मारून लाल रेषेच्या पलीकडे जाऊन बसला.

"खोटं आहे हे, पलीकडचा गोंगाट," गिलजुन म्हणाला. त्याचा आवाज मात्र खरा वाटत नव्हता. "काकू, आपण अलीकडेच आहोत. असणारच."

"खडक दिसतोय का?"

"नाही."

"मग कशावरून?"

प्रश्न तोंडातून गेला आणि चौकशीत सांगदललाही असंच विचारायचे ते तिला आठवलं. तिने बरणी पोटाशी धरली.

रेडिओ खरखरला. नौदलाची बोट ओरडत होती, ताबडतोब दक्षिणेला वळा. गिलजुनने होकायंत्र बघत सुकाणू फिरवलं. "काकू, सोडायचं तर आत्ताच सोड! पुन्हा येऊ देणार नाहीत."

गप्सुनने झाकणावर हात ठेवला. खाली पाणी होतं, कुणाचंही असू शकेल असं. तिने सुका मासा पाण्यात टाकला, मक्गोल्ली ओतली. झाकण उघडलं नाही.

"नीट बघून सोड म्हणाले होते रे," ती म्हणाली. "मला काहीच दिसत नाही."

बंदरावरच्या कचेरीत बसवलं तेव्हा बरणी तिच्या मांडीवरच होती. अधिकारी कोवळ्या वयाचा होता. त्याने दोघांना जवाचा चहा दिला, टेबलावर नकाशा पसरला आणि गिलजुनपुढे पेन्सिल सरकवली. "वळलात तेव्हा कुठे होतात? खूण करा."

गप्सुनने चहाचा कप खाली ठेवला. गिलजुनने पेन्सिल उचलली, नकाशावर आणली आणि परत ठेवली.

"माहीत नाही, साहेब."

गप्सुनने डोळे मिटून घेतले.

"बरं," अधिकारी म्हणाला. "मग तसंच लिहितो. आज सगळ्यांचेच पडदे बिघडलेत. पण आजींना पुन्हा नेऊ नका, ताकीद समजा."

एवढंच. कुणी दार लावलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. गप्सुन मात्र खुर्चीवरून उठेना. ती गळ्यातल्या रुमालाची कड तोंडात कोंबून रडू लागली. अधिकारी घाबरला. "आजी, काही होणार नाही तुमच्या पुतण्याला!"

"ते कळलं बाळा," ती म्हणाली. "'माहीत नाही' एवढ्यावर भागत होतं, ते आज कळलं."

बाहेर धुळीमुळे फेरीबोट अडकली होती. धक्क्यावर नामसाहेब तोंडाला फडकं बांधून उभे होते. बरणी बघून त्यांनी मान लववली. "आजी, काल तुम्ही हात वर केला नाहीत."

"तुमचे ते उपग्रह मागचं सांगतील का? जुन्या काळी एक बोट कुठे होती ते?"

साहेबांनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं. "नाही, आजी. पुढचंच सांगतील."

"कधी होतील?"

"दहाएक वर्षं लागतील."

दहा वर्षांनी आपण नसू, हे तिला ठाऊक होतं. तिने बरणी डाव्या काखेत नीट धरली आणि उजवा हात खांद्याइतका वर केला. "धरा माझाही. गिलजुनला लागेल."

घरी येऊन तिने बरणी कोनाड्यात ठेवली, जाळं शिवायला तो बसायचा त्या जागेच्या वर. चूल पेटवायला लाकडं हवी होती. उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. मागे वळून, बेटावरच्या बायका ज्याला हसायच्या त्या सांगदलच्याच सुरात म्हणाली, "अहो, मी मागच्या दारी आहे."