एकदाच विचारलेला प्रश्न

परदेशातली एक मोठी कंपनी आमच्या संस्थेला मदत द्यायची. त्यातून बार्शीकडच्या वाशीजवळच्या एका गावात, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत, पायानं अधू पोरांसाठी व्यायामाचं केंद्र चालायचं. आठवड्यातून दोनदा बार्शीहून फिजिओथेरपिस्ट यायची. मी तिथली कार्यकर्ती. इंग्रजी बरं, म्हणून पाहुणे आले की दुभाषीही मीच.

तिथं पाच वर्षांची एक मुलगी होती. पाय जन्मापासून ताठ. दीड वर्ष व्यायाम करून घेतल्यावर ती दांड्याला धरून उभी राहायला लागली. उभी राहिली की आधी चोहीकडं बघायची, कोण बघतंय का म्हणून. लई नखरेल. व्यायाम थांबला तर पाय परत आखडतील, असं थेरपिस्ट बजावून सांगायची.

मग कंपनीची बाई बघायला येणार असं कळलं. गावानं मंडप घातला, हलगी बोलावली, खव्याच्या पोळ्या केल्या. मुलीची आई जावेची रेशमी साडी नेसली, तिनं शेजारणीचं गंठण घातलं. एवढं कशाला, म्हटलं तर सगळे माझ्यावरच उखडले. पाहुण्यापुढं गावाची अब्रू असते म्हणे. झाकली मूठ सव्वा लाखाची! खोटं कशाला बोलू, मलाही तो थाट आवडला होता.

बाईनं आईला विचारायला सांगितलं, पुढं काय मदत लागेल? मी विचारलं.

"काय बी कमी न्हाय," आई पदर सावरत म्हणाली. "पोरगी हुबी ऱ्हायली. समदं चांगलं हाय."

आमच्याकडं जेवता का विचारलं तर उपाशी माणूससुद्धा आधी नकोच म्हणतो. दोनदा, तीनदा आग्रह केल्यावर पाटावर बसतो. हे त्या बाईला कुठून ठाऊक असणार? मला होतं. मी याच मातीतली. पण मी पुन्हा विचारलं नाही. आईचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, वर जरा अभिमानानं. बाईनं ते लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी मेल आला. इथलं काम यशस्वी झालं, आता ही मदत जास्त गरज असलेल्या दुसऱ्या देशात जाईल. तिथल्या पोरांचं भलं होवो, त्यांचा काय दोष. मी तीन पत्रं लिहिली, समजावलं, हात जोडले. उत्तरात आमचं अभिनंदन केलं होतं. अभिनंदन! मी त्या दिवशी संस्थेच्या मोरीत जाऊन रडले.

केंद्र बंद झालं. आईला घरी करायचे व्यायाम दाखवले होते. पण पाय ताणला की पोरगी ओरडायची आणि आईचा हात सुटायचा. कुठल्या आईचा सुटणार नाही?

मागच्या महिन्यात त्यांच्या घरी गेले. पोरगी बाजेवर पडून होती, गुडघे एकमेकांत अडकलेले. मी पाय हातात घेतला तशी ती किंचाळली.

"ऱ्हाऊ द्या ताई, लई दुखतं तिला." आईनं मला चहा दिला आणि मग हळूच विचारलं, "आमच्याकडनं त्या बाईंचं काय मन दुखलं का वो?"

मी नाही म्हणाले. चूक माझी होती, हे सांगायला जीभ रेटली नाही.