रिसॉर्टवरचा कोळी
परवा कपाटातून लाल चौकडीचा रुमाल निघाला आणि काजूचं पीक गेलं त्या वर्षी मालवणच्या रिसॉर्टवर धरलेली नोकरी आठवली. काम एवढंच, की हा रुमाल नेसून पर्यटकांसमोर कोळी व्हायचं. आमच्या किनाऱ्यावर असा रुमाल कुणी नेसत नाही, आणि मी तर फोंडाघाटचा शेतकरी. मासा मला फक्त ताटात ओळखता यायचा. तरी सुटलेलं पोट आत ओढून मी उघड्या अंगाने वाळूत उभा राहायचो. एका सकाळी सगळ्यांनी मोबाइल रोखलेले असताना मी जाळं भिरकावलं आणि दोरी मनगटाला बांधायची राहिल्यामुळे ते अख्खंच पाण्यात गेलं. "काका, आता तुम्हीपण जा त्याच्यामागे!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. गुडघाभर पाण्यात जाळं चाचपडताना माझे कान तापले. हे काम आजच सोडायचं, असं ठरत होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरात मासे द्यायला आलेल्या म्हाताऱ्या बाईने टोपली खाली ठेवली आणि ती सरळ पाण्यात आली. "झिला, खंयचो रे तू?" "फोंड्याचो." "मगे तुका कोण शिकयतलो!" म्हणत तिने जाळं पाण्यातून ओढून काढलं, दोरी माझ्या मनगटाला आवळली, अर्धं जाळं कोपरावर घातलं. मी पुटपुटलो, "आये, ह्यां सोंग आसा गो, पोटासाठी." "आमी काय हौसेन करतंव? पोटासाठी करतंस, तर नीट कर." या वेळी मी भिरकावलेलं जाळं अर्धवट का होईना उघडलं. त्यानंतर हंगामभर मी पर्यटक उठायच्या आधीच किनाऱ्यावर जाऊन एकटाच जाळं मारत राहिलो. "बघायला कोणी नसताना कशाला राबत होतात?" असं बायको अजून विचारते. परवाही तिने विचारलं, तेव्हा मी रुमालाची नीट घडी घालून तो परत कपाटात ठेवला.