त्यांचं पोट, माझी चादर

परळच्या हॉस्पिटलात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा शेजारच्या खाटेवर लालबागचे एक काका होते. अपेंडिक्स फुटून पोटभर पू झालेला, मरता मरता वाचलेले. डॉक्टरांनी त्यांना पोटाची रचना समजावून सांगितली, तिथेच चुकलं. संध्याकाळी भेटायला माणसं आली की काका माझ्या अंगावरची चादर ओढून घेत. त्यांच्या चादरीवर म्हणे डाग होते.

"ही पोटाच्या भिंतीचं आतलं अस्तर," म्हणत ते तळव्याने सुरकुत्या काढत. "आणि हीच आत वळून आतड्याला गुंडाळते. या दुमडीतच आतडं टांगलेलं असतं." आतड्याच्या जागी माझा टॉवेल असायचा. मी टाके सांभाळत उघडा.

एकदा वैतागून म्हणालो, "काका, दुसरी चादर मागवा ना."

"पोटात दुसरी नसतेच रे," ते शांतपणे म्हणाले. "आमच्या चाळीत आम्ही सगळी भावंडं एका गोधडीत झोपायचो. एकाला ताप आला की सगळ्यांना. आतही तसंच. एकच पांघरूण, म्हणून तर एवढंसं अपेंडिक्स फुटलं आणि सगळं पोट पेटलं."

ते घरी गेले तेव्हा मी सुटकेचा निःश्वास सोडला. त्याच संध्याकाळी माझा भाऊ आला आणि त्याने विचारलं, "हर्निया म्हणजे नक्की काय रे?"

"भिंत कमजोर झाली की आतलं अस्तर बाहेर येतं. थांब, दाखवतो," म्हणत मी चादर ओढली. शेजारच्या खाटेवरच्या नव्या पेशंटची.