पालेगावची टिटवी आणि पक्षीमित्र

'पक्षीमित्र' हा शब्द ऐकला की मला अजूनही किळस येते. शीलामुळे ही मंडळी मला जवळून बघायला मिळाली.

शीला आणि मी अंबरनाथला एकाच कारखान्याच्या ऑफिसात. ती कुळगावची, एकटी राहणारी. उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराशी घासाघीस करून तिने जुना डिजिटल कॅमेरा घेतला आणि बाईला वेडच लागलं. सुट्टी आली की ही उरणच्या खाडीत, चिखलात उभी. सोमवारी डबा खाताना मला त्याच त्या करड्या पक्ष्याचे ढीगभर फोटो बघावे लागत.

२००७च्या एप्रिलात तिला पालेगावात टिटवीचं घरटं सापडलं. घरटं कसलं, बिल्डिंगसाठी सपाट केलेल्या प्लॉटवर उघड्यावर चार अंडी. तिथे खडीचे डंपर येणार होते. पिल्लं निघेपर्यंत एवढा कोपरा सोडा, म्हणून शीला साइटच्या मुकादमाच्या, नाथाच्या, मागे लागली. तो आधी हसला. मग त्यानेच अंड्यांभोवती दगड मांडले, त्यांना चुना फासला आणि डंपरवाल्यांना दम भरला. शीलाचा सगळा जीव त्या अंड्यांत. कामावर येण्याआधी ती रोज तिकडे चक्कर मारून यायची.

घरट्याची जागा कोणाला सांगायची नाही, हा पक्षी बघणाऱ्यांचा नियम. तो तिला शिकवला होता विक्रांतसरांनी, तिच्या पक्षीमित्र मंडळाच्या अध्यक्षांनी. म्हणून तिने फक्त त्यांनाच सांगितलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी दुपारी गेलो, तर चुन्याच्या दगडांना खेटून छत्र्या, घडीच्या खुर्च्या आणि हातभर लांब लेन्स. सर अख्खं मंडळ घेऊन सकाळपासून बसले होते. वडापावचे कागद तिथेच टाकलेले. वर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. असल्या उन्हात ती पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. ह्यांना नेमका तोच फोटो हवा होता, आणि हेच तिच्या वाटेत बसलेले.

शीलाने त्यांना उठायला सांगितलं. सर हसले. "पाच मिनिटं, शीला. ओलं पोट घेऊन उतरली की झालं."

शेवटी नाथाने डंपर सुरू करून सरळ छत्र्यांच्या दिशेने आणला, तेव्हा कुठे ही थोर माणसं हलली. टिटवी लगेच अंड्यांवर बसली. जाता जाता सरांनी लांबून तिचा फोटो काढलाच.

ती बसून राहिली. पिल्लं निघायची वेळ टळून गेली तरी बसूनच. मग एके दिवशी अंडी टाकून निघून गेली. शीलाने एक फोडून पाहिलं. आतून कुजका वास आला. आता दगड काढू का, असं नाथाने विचारलं. "काढ," ती म्हणाली.

पावसाळ्यात बदलापूरला मंडळाचं प्रदर्शन भरलं. पहिला नंबर सरांच्या फोटोला. अंड्यांवर बसलेली टिटवी, खाली नाव 'मातृत्व'. हे सगळं आमच्या शीलामुळे, असं सांगून सरांनी तिला पुढे बोलावलं. टाळ्या झाल्या.

शीलाने माईक हातात घेतला. "ती ज्या अंड्यांवर बसलीय, ती तेव्हा उकडून मेलेली होती. आपण मारली. जागा मी सांगितली होती."

सरांनी तिच्या हातातून माईक घेतला आणि चहा तयार असल्याचं जाहीर केलं.