राउटरातली जुनी वाट

कणकवलीला भाड्याच्या खोलीत राहून मी एका छोट्या इंटरनेट कंपनीचं काम बघायचो. आईबाबा गेल्यापासून वालावल गावातलं आमचं घर बंदच होतं. ऑफिसातली माणसं गोव्यात बसायची. आवाज ओळखीचे, चेहरे नाहीत.

पावसाळा संपल्यावर आम्ही मुख्य राउटरचं रूटिंग टेबल नव्याने लावायला घेतलं. कुठल्या वाडीचा डेटा कुठल्या टॉवरवरून पाठवायचा, याच्या नोंदी त्यात असतात. प्रत्येक वाडीची वेगळी नोंद, नुसता गुंता झाला होता. मी कट्टा गावाकडच्या वाड्यांचा एकच गट केला आणि तो नव्या टॉवरकडे वळवला. सगळं सुरळीत दिसत होतं.

एक-दोन दिवसांनी दुपारी फोन आला. कट्ट्याजवळ एकट्याच राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका होत्या. आज बघितलं तर घरचं नेट लागत नाही, अशी तक्रार शुद्ध मराठीत सांगता सांगता त्यांचा आवाज बदलला आणि त्या मालवणीत बोलू लागल्या.

"माझो झील कुवेतला आसता. रोज व्हिडिओवर येता. परवा माका तिकडे राहूक ये म्हणालो, मी नाय म्हटलंय. तेवापासून फोनच नाय. माका वाटलां, रागावलो."

"तुम्ही मुलाला फोन लावून बघितला नाही?"

"रागावलो आसत तर कित्याक लावू?"

"फोन ठेवू नका, बाई. मी बघतो."

टेबल वरपासून चाळलं. त्यांच्या वाडीची जुनी नोंद तशीच राहून गेली होती. मोठ्या गटाची आणि एकाच वाडीची अशा दोन्ही नोंदी असल्या, तर राउटर वाडीची नेमकी नोंदच मानतो. त्यामुळे त्यांचा डेटा अजून जुन्या टॉवरकडे जात होता, आणि तिथून पुढची केबल आम्ही काढून टाकली होती. मी ती नोंद पुसली.

थोड्याच वेळात पलीकडे त्यांच्या टॅबवर व्हिडिओ कॉलची रिंग वाजू लागली.

"इलो रे, इलो!" बाई ओरडल्या. माझा फोन बंद करायचं त्यांना सुचलंच नाही.

"माय, माका वाटलां तूच रागावलंस," मुलगा म्हणत होता.

मी लगेच फोन ठेवायला हवा होता. पण ती दोघं कढीविषयी बोलायला लागली, आणि मी ऐकत बसलो. मग हळूच कट केला. खोली फार शांत वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा पुन्हा फोन आला. मी घाईघाईने लॅपटॉप उघडला.

"नेट बरां आसा रे," त्या म्हणाल्या. "तू जेवलंस?"

असं मला बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. "नाही अजून," मी म्हणालो आणि लॅपटॉप मिटला.