दीडपटीचा नियम

खेळ अगदी सोपा आहे, आणि गोम तिथेच आहे. फोनच्या पडद्यावर एक छोटं विमान उडतं. बाजूला आकडा चढत जातो: एक, सव्वा, दीड, दोन, कधी थेट वीस. तुम्ही लावलेल्या पैशांना त्या आकड्याने गुणायचं, पण वेळेत बटण दाबून बाहेर पडलात तरच. त्याआधी विमान गायब झालं की लावलेले सगळे गेले. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. विमान कुठे गायब होणार हे ते उडायच्या आधीच कॉम्प्युटरने ठरवलेलं असतं, आणि लांबच्या हिशेबात थोडा वाटा कायम कंपनीचाच राहतो, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते वर वर चढणं नुसतं चित्र. तरी खेळले. अडाणीपणाने फसले असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

सुरुवात बाबा आल्यावर झाली. माझे वडील कराडकडच्या एका शाळेत गणिताचे मास्तर होते. निवृत्त झाल्यापासून पुण्यात दादा-वहिनीकडे राहतात. तीन महिन्यांसाठी ते आमच्याकडे, इथे परदेशात, सँट्रीला आले आणि नातीला शाळेतून आणायचं काम त्यांनी आपणहून उचललं. घरून काम करायच्या दिवशी मला दुपारचा एक अख्खा तास मोकळा मिळायला लागला. किती वर्षांनी! झोपले असते तरी चाललं असतं. मी हे उद्योग सुरू केले.

नियम केले होते, हं. दिवसाला पाच युरो. एका डावाला एक. दीडपट झाली की पैसे आपोआप बाहेर, तशी सोय ॲपमध्येच असते. हरलं तरी डाव वाढवायचा नाही. काय खूश होते मी स्वतःवर! बाकीचे जुगार खेळतात, मी रिस्क मॅनेज करते. पण दीडपटीत जिंकलात की अर्धा युरो मिळतो आणि हरलात की पूर्ण एक जातो, म्हणजे एका फटक्यात दोन डावांची कमाई साफ. त्याहून वाईट म्हणजे जिंकल्यावरची जळजळ. मी दीडला बाहेर पडले आणि विमान चाळीसपर्यंत गेलं, की वाटायचं, माझ्या तोंडचा घास कुणीतरी पळवला. मग दीडचे दोन केले, दोनाचे पाच. हातचं सोडून पळत्याच्या मागे. ॲपमध्ये घातलेली रोजची मर्यादा वाढवायची तर एक दिवस थांबावं लागायचं. मी थांबले नाही, दुसऱ्या ॲपवर खातं उघडलं.

बाबांनी मला एकदा पकडलं. ऑफिसची मीटिंग चालू, कॅमेरा बंद, आणि हातात विमान. ते ओरडले नाहीत. शेजारी बसून खेळ नीट समजून घेतला, मग नातीच्या वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. "नियम झकास हायत तुझे," ते म्हणाले. "पण पाळणारी तूच न् मोडणारी बी तूच. मॉनिटरच दंगा करायला लागला, तर वर्ग कुणी सांभाळायचा?"

"बाबा, पाच युरोचा तर प्रश्न आहे," मी फणकारले. तेव्हा तो पाचाचा राहिला नव्हता.

त्याच सुमारास आम्ही सिटीवेस्टला एक घर पसंत केलं. इथे घरासाठी कर्ज मागितलं की सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट द्यावी लागतात आणि ती ओळ न् ओळ वाचतात. हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, एवढ्या ओळींत कोण बघतंय! कर्जाचं काम करणाऱ्या बाईंनी बघितलं. त्यांची मेल नवऱ्याने शनिवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी उघडली. तीन पानं पिवळ्या रेघांनी भरली होती.

"हे काय आहे गं? तुझ्या कार्डावरून... एका दुपारी अकरा वेळा?"

बाबा पोहे खात होते. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"जावईबापू, ते माझं हाय. तिच्या फोनवर मीच खेळत हुतो. दिसभर एकटा, येळ जाईना. तिला काय म्हाईत न्हाई."

पिवळ्या ओळी सगळ्या बाबा आल्यानंतरच्याच होत्या, त्यामुळे नवऱ्याला संशय यायला जागाच नव्हती. तो माझ्याकडे बघायला लागला. आणि मी, देवा, हे लिहितानाही लाज वाटते, मी म्हटलं, "बाबा, निदान मला विचारायचं तरी!"

बाबांनी मान खाली घातली.

नवरा भला माणूस. "असू दे बाबा, सगळं ग्रँड आहे," तो इथल्या लोकांसारखं म्हणाला; इथे ‘ठीक आहे’लाच ग्रँड म्हणतात. पण बँकेने सहा महिने थांबायला सांगितलं आणि ते घर गेलं. दारापाशी पडलेलं असायचं ते नवऱ्याचं पाकीट कपाटात जायला लागलं. बाबांना ते दिसत होतं, मलाही. मग त्याने काळजीपोटी दादालाही फोन करून सगळं सांगितलं.

"कशाला केलंत असं?" मी बाबांना एकटं गाठून विचारलं. ते म्हणाले, "तुला रोज त्याच्यासमोर बसायचंय. मी काय, महिन्यानं चाललो." आणि मी ते चालवून घेतलं. एवढंच नाही, खात्यात उरलेल्या पैशांवर आणखी नऊ दिवस खेळले. दहाव्या दिवशी दोन्ही ॲपवर स्वतःला कायमची बंदी घालून घेतली. माझ्या बाबतीत तेवढा एकच नियम टिकला.

बाबा पुण्याला परत गेले. दोन महिन्यांनी व्हिडिओ कॉलवर वहिनी हसत हसत म्हणाली, "बाबांचं कार्ड आता ह्यांच्याकडे असतं बरं का. रोज सकाळी पन्नास रुपये मागून घेतात, शाळेत निघालेल्या पोरासारखे!" मागे बसलेले बाबाही हसले. त्यांचे केस मानेवर आले होते. पेन्शन त्यांची, पस्तीस वर्षं खडू झिजवून मिळालेली, आणि हजामतीला मुलापुढे हात पसरायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि चोरही त्या कॉलवर सगळ्यांबरोबर हसला होता.

चार दिवस मला अन्न गोड लागेना. रविवारी नवरा भांडी घासत होता. मी स्वयंपाकघरातच उभी राहिले आणि दादाला स्पीकरवर फोन लावला, म्हणजे दोघांना एकदाच सांगून होईल. दुसऱ्यांदा सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

"दादा, बाबांचं कार्ड परत दे. ते कधीच खेळले नाहीत. मी खेळत होते."

मागे नळ बंद झाला. मी वळून पाहिलं नाही. दादाने फोन बाबांच्या हातात दिला असावा.

"कशापायी सांगितलंस गं पोरी?" बाबा म्हणाले. "माझं चाललं हुतं की."